‘काहीच लावू नका’ हा सल्ला बेजबाबदार आहे का? बाळाच्या नाळेबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

नवजात बाळाच्या नाळेवरच्या लेखावर तुम्ही घेतलेले आक्षेप थोडक्यात असे: ‘काहीच लावू नका’ म्हणणं म्हणजे बाळाला वाऱ्यावर सोडणं, तुमच्या दोन्ही मुलांच्या नाळेला स्पिरिट लावलं होतं आणि काहीही झालं नाही, नातीलाही तेच लावताय, जागतिक आरोग्य संघटना स्वतः क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक लावायला सांगते, ते लेखात लपवलं, आणि नऊ दिवसांच्या नातीच्या नाळेच्या बुडाशी पिवळं चिकट काहीतरी दिसतंय, वासही येतोय, तेव्हा नुसतं ‘कोरडं ठेवा’ कसं पुरेल?

शेवटचा प्रश्न आजचा आहे, म्हणून तो आधी.

हात साबणाने धुवा आणि नातीला चांगल्या उजेडात पाठीवर निजवा. नाळेचा वाळलेला तुकडा दोन बोटांत हलकेच धरून आधी एका बाजूला कलता करा, मग दुसऱ्या. ओढायचं नाही. पोटाची कातडी नाळेवर थोडी वर चढलेली असते, कॉलरसारखी. तिच्या आत जी घळ असते ती वरून बघून दिसत नाही, आणि पिवळं जे काही असतं ते बहुतेक वेळा तिथेच असतं.

ते पिवळं म्हणजे पूच असेल असं नाही. नाळ कापल्यावर तिचा रक्तपुरवठा संपतो, आतल्या दोन धमन्या आणि एक शीर आकसतात, त्यांच्याभोवतीच्या जेलीतलं पाणी उडून जातं आणि तुकडा पांढुरक्यापासून पिवळसर, तपकिरी होत काळा पडतो. पण वाळला म्हणजे सुटला असं होत नाही. जिवंत कातडी आणि मेलेला तुकडा यांच्या सीमेवर रक्तातल्या पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि त्यांच्यातल्या विकरांनी (एन्झाइम्सनी) तो जोड हळूहळू विरघळतो. या कामातून थोडा चिकट, पिवळसर द्राव येतोच. मेलेल्या ऊतीचा हलका कुबट वासही येतो, नाक जवळ नेल्यावर कळेल इतका. पाचव्या ते पंधराव्या दिवसादरम्यान, म्हणजे नाळ सुटायच्या सुमारास, हे दोन्ही अपेक्षित असतं.

काळजीचं चित्र वेगळं दिसतं. द्राव पुसला तरी तासाभरात पुन्हा भरतो, दाट किंवा हिरवट असतो, घाण वास लंगोट उघडताच येतो. आणि द्रावापेक्षाही महत्त्वाची आहे ती भोवतालची कातडी. बुडाभोवती सगळीकडून लाल, सुजलेली, हाताला गरम किंवा कडक लागणारी कातडी हे संसर्गाचं लक्षण. क्लॅम्प (नाळेला लावलेला प्लास्टिकचा चिमटा) किंवा तुकड्याचं टणक टोक घासून एकाच बाजूला, नेमकं टेकतं तिथेच गुलाबी होतं. दाब काढला की काही तासांत ते फिकट पडतं. तसं झालं नाही, किंवा लाली चारी बाजूंनी असली, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. निघण्यापूर्वी लाली संपते तिथे पोटावर बॉलपेनने बारीक रेघ मारून ठेवा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती रेघेबाहेर गेली का, हे डॉक्टरांना एका नजरेत कळतं.

यासोबत बाळ नीट पीत नसेल, नेहमीपेक्षा सुस्त असेल, काखेतला ताप ३७.५ अंश सेल्सिअस किंवा जास्त असेल, किंवा उलट अंग गार पडून तापमान ३५.५ च्या खाली गेलं असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, रात्र असली तरी निघा. या वयात संसर्गाने ताप येतोच असं नाही, हे घरच्यांच्या लक्षात राहत नाही. घाईचं कारण शरीररचनेत आहे: नाळेतली शीर थेट यकृताकडे जाते आणि जन्मानंतर लगेच पूर्ण बंद होत नाही. बुडाशी शिरलेल्या जंतूंना आतली वाट जवळची असते.

तुम्ही लिहिलेल्या वर्णनात लाली, सूज, ताप यांचा उल्लेख नाही आणि नात पोटभर पितेय. एवढंच असेल तर स्वच्छ करून कोरडं ठेवणं पुरेसं आहे. पण लिहिलेल्या वर्णनावरून निदान होत नाही. शंका असेल तर दाखवून या, त्यात कमीपणा काहीच नाही.

आता ‘काहीच लावू नका’बद्दल. औषध नको याचा अर्थ काम नको असा तुम्ही घेतलात. काम आहे, आणि ते प्रत्येक लंगोट बदलताना आहे. लंगोटाची किंवा डायपरची वरची कड बाहेरच्या बाजूला, खाली दुमडून नाळेच्या खाली ठेवायची. नाळेसाठी खाच कापलेले डायपर मिळतात, पण साधी दुमड तेच काम करते. कपडा सैल हवा आणि नाळेवर पट्टी नको. पट्टीखाली ओलावा कोंडतो आणि लाली झाकली जाते.

नाळेला शी किंवा शू लागली तरच धुवायची. साधं स्वच्छ पाणी आणि गॉजचा तुकडा. शी चिकटली असेल तर सौम्य साबणाचा फेस, मग पुन्हा पाणी. कापसाचे तंतू चिकटून राहतात, म्हणून गॉज बरा. पुसताना बुडापासून बाहेरच्या दिशेने. त्यानंतरचा टप्पा सर्वांत जास्त चुकतो: वरचं टोक टिपतात आणि त्या कॉलरच्या आतली घळ ओलीच राहते. गॉजचं टोक वळवून घळीत फिरवा आणि पाच-दहा मिनिटं बाळाला उबदार खोलीत पोट उघडं ठेवून निजवा. अंघोळीबद्दलही हेच. टबातल्या अंघोळीने संसर्ग वाढतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही, पण पुसून घ्यायचा कंटाळा असेल तर नाळ पडेपर्यंत ओल्या कपड्याने अंग पुसणं सोयीचं.

प्लास्टिकच्या क्लॅम्पचे दात एकदा बसले की उघडत नाहीत. काही ठिकाणी एक-दोन दिवसांनी तुकडा वाळल्यावर तो खास कटरने काढतात, काही ठिकाणी नाळेसोबत पडू देतात. घरच्या कात्रीने प्रयत्न करू नका.

स्पिरिटचा मुद्दा. तुमच्या दोन्ही मुलांना काही झालं नाही हे खरंच असणार, पण त्यावरून स्पिरिटचा उपयोग झाला असं ठरत नाही. स्वच्छ प्रसूती आणि स्वच्छ हात असतील तर नाळेचा संसर्ग मुळातच कमी होतो. दोन बाळांवरून फरक कळणार नाही, त्यासाठी हजारोंनी बाळं लागतात. १९९८ साली कॅनडातल्या अठराशेहून जास्त बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्पिरिट लावलेल्या गटात नाळ सरासरी ९.८ दिवसांनी पडली, नुसती कोरडी ठेवलेल्या गटात ८.१६ दिवसांनी, आणि संसर्ग दोन्हीपैकी एकाही गटात झाला नाही. स्पिरिटने नाळ लवकर वाळते असं वाटतं, पण वाळणं आणि सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कातडीवरचे निरुपद्रवी जंतू पांढऱ्या पेशींना त्या जागी बोलावतात. जंतूनाशकाने ते मारले की पेशी उशिरा जमतात. शिवाय वेळेआधी जन्मलेल्या बाळाची कातडी इतकी पातळ असते की लंगोटाखाली साचलेलं स्पिरिट ती भाजू शकतं. तुमच्या प्रतिक्रियेत बाळ ‘नाळेला हात लावला की कळवळतं’ असंही आहे. नाळेला वेदना कळवणाऱ्या नसाच नसतात. रडू येतं ते बहुधा पोटाच्या कातडीवर गार स्पिरिट लागल्यामुळे.

पावडर आणि तेल यांच्याबद्दल थोडक्यात: पावडर द्रावात मिसळून घट्ट थर होतो आणि खाली ओल राहते, तेल वाळूच देत नाही. जुनी जखमेची पावडर घरात पडली आहे म्हणून वापरणं तर नकोच.

क्लोरहेक्सिडीनबद्दल मात्र तुमची तक्रार रास्त आहे, लेखात ते यायला हवं होतं. नेपाळमध्ये पंधरा हजारांहून जास्त बाळांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४ टक्के क्लोरहेक्सिडीनने नाळेचे गंभीर संसर्ग ७५ टक्क्यांनी आणि नवजात मृत्यू २४ टक्क्यांनी कमी झाले. बांगलादेश आणि पाकिस्तानातल्या चाचण्यांतही फायदा दिसला. पण ही बाळं बहुतांशी घरी जन्मलेली होती. पुढे झांबिया आणि टांझानियातल्या पेम्बा बेटावरच्या मोठ्या चाचण्यांत मृत्यूंमध्ये ठोस फरक दिसला नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशीत स्वच्छ आणि कोरडी नाळ हाच सर्वसाधारण नियम आहे. नाळेवर अपायकारक पदार्थ लावण्याची पद्धत जिथे सर्रास आहे, फक्त तिथे त्याऐवजी पहिला आठवडा रोज क्लोरहेक्सिडीन लावायला सांगितलं आहे. रुग्णालयात जन्मलेल्या, घरी स्वच्छ ठेवलेल्या तुमच्या नातीला हा नियम लागू होत नाही. आणि ते कधी वापरलंच तर बाटली डोळ्यांच्या थेंबांपासून लांब ठेवा. चुकून डोळ्यांत घातल्याने गंभीर इजा झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत.

तुम्ही विचारलं नाही, पण येत्या काही दिवसांत लागेल असं थोडं. तुकडा एका धाग्यावर लोंबत असला तरी तोडू नका, कारण खालची रक्तवाहिनी पुरती मिटलेली नसू शकते. पडताना लंगोटाला रक्ताचे दोन-चार थेंब लागणं नेहमीचं. वाहतं रक्त असेल तर स्वच्छ गॉजने सलग दहा मिनिटं दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका. तरीही थांबलं नाही तर थेट रुग्णालयात जा, आणि जन्मानंतर व्हिटॅमिन के (रक्त गोठण्यासाठी लागणारं जीवनसत्त्व) दिलं होतं का ते कागदपत्रांत बघून सांगा.

नाळ पडल्यावर बेंबी काही दिवस ओलसर राहते. आठवडा-दोन आठवड्यांनीही आत गुलाबी, चमकदार, ओला फोड दिसला तर तो बहुधा ग्रॅन्युलोमा, म्हणजे जखम भरताना जास्त वाढलेली ऊती. तो दुखत नाही. डॉक्टर सिल्व्हर नायट्रेटची काडी लावून तो जाळतात. आजूबाजूची चांगली कातडीही त्याने भाजते, म्हणून ते काम घरी करायचं नाही. दोन-तीनदा लावूनही तो गेला नाही, किंवा बेंबीतून पाण्यासारखं काही पाझरत राहिलं, तर मूत्राशयाशी किंवा आतड्याशी राहून गेलेली जन्मजात जोडणी आहे का, हे तपासावं लागतं.

राहिला तुमचा आणखी एक प्रश्न: नातीला आजवर स्पिरिट लावत होतो, आता एकदम थांबवलं तर चालेल का? चालेल, आजपासून थांबवा, हळूहळू कमी करायची गरज नाही. फक्त ते डॉक्टरांनी एखाद्या कारणाने लिहून दिलं असेल, म्हणजे नात वेळेआधी जन्मली असेल किंवा संसर्गाची शंका असेल, तर त्यांना विचारूनच बंद करा. इतके दिवस स्पिरिट लावल्यामुळे नाळ एक-दोन दिवस उशिरा पडू शकते. सिझेरियन झालं असेल किंवा बाळाला अँटिबायोटिक दिलं असेल तरीही उशीर होतो. तीन आठवडे उलटूनही तुकडा जागेवरच असेल तर डॉक्टरांना दाखवा. क्वचित पांढऱ्या पेशी त्या जागी पोहोचण्यातच दोष असतो आणि रेंगाळलेली नाळ ही त्याची पहिली खूण ठरते.