४४ अंशांत गोठणारी वस्तू

मे महिन्यात नागपुरात गोठलेली वस्तू शोधूनही सापडत नाही. गोळेवाल्याकडचा बर्फाचा गोळा आपल्या हातात येईपर्यंत त्याचे सरबत झालेले असते, आणि दुपारी बारा ते चार या वेळात माणसे व कुत्री एकाच झाडाखाली, एकमेकांकडे न पाहता, बसून असतात. अशा ४४ अंशांच्या शहरात गेल्या उन्हाळ्यात माझा संगणक मात्र दर दोन-तीन दिवसांनी गोठत असे. आपण मराठीत त्याला ‘हँग झाला’ असे म्हणतो. इंग्रजीत त्याच प्रकाराला गोठणे म्हणतात हे मला त्या महिन्यात प्रथमच खटकले.

हे गोठणे साधे नव्हते. निळा पडदा नाही, सूचना नाही, धूर नाही. माउसचा बाण जिथे असेल तिथे थांबायचा, गाणे चालू असेल तर त्यातला शेवटचा एक कण ‘र्र्र्र’ असा अडकून राहायचा आणि घड्याळ ज्या मिनिटाला होते त्याच मिनिटाला राहायचे. अशा वेळी कॅप्स लॉकची कळ दाबून पाहतात. कीबोर्डवरचा बारीकसा दिवा लागला तर आत अजून कोणी तरी आहे असे समजायचे. माझा दिवा लागत नसे. मग पॉवरचे बटण चार-पाच सेकंद दाबून धरणे एवढाच अंत्यविधी उरे. पुन्हा सुरू केल्यावर विंडोजच्या नोंदवहीत ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद मिळायची, जिचा अर्थ इतकाच, की संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला. एखाद्या पंचनाम्यात ‘मृत व्यक्ती मरण पावलेली आढळली’ असे लिहावे, तितकाच या नोंदीचा तपासाला उपयोग होता.

पत्नीने पहिल्याच दिवशी विचारले, “आधी चालत होता ना? मग तुम्ही त्याला काय केलं?” मी म्हणालो, “काही नाही.” या लेखाला जे काही कथानक आहे, ते या दोन शब्दांत आहे.

केले होते ते असे. आदल्या दिवाळीत माझा भाचा आला होता. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे त्याला सर्व काही येते अशा वयात आहे. माझा प्रोसेसर गुणक मोकळा असलेल्या जातीचा आहे, म्हणजे १०० मेगाहर्ट्झच्या मूळ ठोक्याला कितीने गुणायचे हे मालकाच्या हाती असते, हे कळताच तो म्हणाला, “मामा, असा प्रोसेसर घेऊन तो कंपनीच्या वेगावर चालवणं म्हणजे काटोलच्या बागेत राहून संत्र्याची गोळी चोखणं.” मग त्याने इतिहास सांगितला. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००-ए हा ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर आला, आणि हौशी लोकांनी त्याच्या बसचा, म्हणजे मूळ ठोक्याचा, वेग ६६ वरून १०० करून तो सरळ ४५० वर पळवला. दीडपट वेग, फुकट! मी त्या काळात हयात असूनही ही संधी हुकली याचे मला अचानक वाईट वाटू लागले. (मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. फुकट काही मिळत नसते हे पहिल्या वर्षाला पहिल्याच तासाला सांगतो.)

रात्री अकरा वाजता संगणक सुरू करताना डिलीटच्या कळीवर टकटक करत आम्ही बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, शिरलो आणि जो प्रोसेसर स्वतःच्या हिमतीवर ३.९ गिगाहर्ट्झपर्यंत जात होता, त्याला ४६चा गुणक लावून ४.६ वर नेला. व्होल्टेजचे काम भाच्याने मदरबोर्डवर सोपवले. मदरबोर्ड हा स्वभावाने लग्नघरातल्या आचाऱ्यासारखा असतो. कमी पडू नये म्हणून तो सढळ हाताने टाकतो. १.१० व्होल्टवर चालणाऱ्या प्रोसेसरला त्याने १.३६ व्होल्ट वाढले. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, त्यामुळे माझ्या पदरात वेग पडला १८ टक्के आणि उष्णता पडली सुमारे ८० टक्के. हा हिशेब मी पुढे मे महिन्यात मांडला. दिवाळीत मांडला नाही, कारण दिवाळीत थंडी होती. खोली २० अंशांवर, प्रोसेसर ७२ अंशांवर, आणि मी हजेरीपटाची एक्सेल फाइल ४.६ गिगाहर्ट्झवर उघडत होतो. ती पूर्वी लगेच उघडत असे. आता ताबडतोब उघडू लागली.

पंखा आणि धातूच्या पत्र्या लावलेला कूलर, मग तो केवढाही मोठा असो, प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली आणि प्रोसेसर यांच्यातले अंतर तो राखतो, इतकेच. माझ्याकडे हे अंतर ५२ अंशांचे होते. मार्चअखेर खोली ३७ वर गेली तेव्हा भरपूर कामाखाली प्रोसेसर ८९ दाखवू लागला आणि मे तर अजून यायचा होता. घरात दुसराही एक कूलर असतो, वाळ्याच्या ताट्यांचा. तो खिडकीत बसवला, पाण्याची टाकी भरली, आणि संगणक त्या वाऱ्याच्या झोतात सरकवावा असा विचार मी केला. परंतु विजेच्या यंत्रावर ओला वारा सोडणाऱ्या माणसाकडे माझे वडील ज्या नजरेने पाहतात ती मला सोसवत नाही. म्हणून मी बायोसमध्ये जाऊन मदरबोर्डाच्या सढळपणातून ०.१० व्होल्ट कापून टाकले. उष्णता सात-आठ अंशांनी उतरली. रात्रभर तपासण्या केल्या, सर्व पार पडल्या. मी स्वतःवर खूश झालो आणि ही गोष्ट विसरून गेलो, किंवा विसरलो असे मी पुढे सर्वांना सांगितले.

वडील वीज मंडळातून निवृत्त झालेले आहेत, त्यामुळे घरातल्या दुधापासून दूरचित्रवाणीपर्यंत काहीही बिघडले तरी त्यांना एकच शंका येते. “अर्थिंग पाहिलं का?” पाहिले नव्हते. अंगणाच्या कोपऱ्यात अर्थिंगचा खड्डा आहे. मीठ आणि कोळसा घालून तो बुजवलेला असतो आणि उन्हाळ्यात माती सुकली की त्याचा जमिनीशी संबंध सैल पडतो. सलग तीन दिवस सकाळी मी त्यात बादलीभर खारे पाणी ओतले. समोरच्या काकूंनी दोन दिवस हा विधी कुंपणापलीकडून पाहिला आणि तिसऱ्या दिवशी विचारले, “कोणत्या देवाचं आहे?” त्याच संध्याकाळी, अर्थिंग उत्तम असताना, संगणक गोठला.

सीताबर्डीतल्या एका दुरुस्तीवाल्याने ऐकून न घेताच निदान केले, “रॅम काढून खोडरबरानं घासा, सर.” खोडरबराने रॅमचे सोनेरी दात घासणे हा आपल्याकडचा सार्वत्रिक उपाय आहे आणि तो पुष्कळदा लागूही पडतो, हे मान्य केले पाहिजे. मी मुलीच्या कंपासपेटीतले खोडरबर घेऊन दोन्ही पट्ट्या आरशासारख्या केल्या, रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर चालवला, एकही चूक निघाली नाही, आणि दुसऱ्या दिवशी चहा पीत वर्तमानपत्राची ई-आवृत्ती वाचताना संक्रांतीच्या तिळगुळाच्या जुन्या छायाचित्रावर पडदा थिजला. दुरुस्तीवाल्याचा दुसरा उपाय “विंडोज टाकून देतो” हा होता. तोही केला. नव्या विंडोजवर संगणक अधिक टवटवीतपणे गोठू लागला.

उरला प्राइम९५. हा कार्यक्रम मुळात मर्सेन अविभाज्य संख्या (दोनच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या) शोधण्यासाठी आहे; १९९६ पासून जगभरचे स्वयंसेवक आपले संगणक त्या कामाला जुंपत आले आहेत. पण त्यातले गणित प्रोसेसरला इतके पिळून काढते, की प्रोसेसर असा जादा वेगाने पळवणाऱ्यांनी, म्हणजे ओव्हरक्लॉकवाल्यांनी, तो छळछावणी म्हणून दत्तक घेतला. मी तो आठ तास चालवला. प्रोसेसर ८५ अंशांवर घामाघूम झाला, खोलीतला वाळ्याचा कूलर आणि पेटीतला पंखा यांची जुगलबंदी रंगली, आणि सकाळी पाहतो तर सगळे शाबूत. मी समाधानाने परीक्षण थांबवले, आंघोळीला गेलो, परत आलो. घड्याळात ७ वाजून १२ मिनिटे. भिंतीवरच्या घड्याळात साडेसात.

त्या क्षणी, टॉवेल खांद्यावर असताना, मला पहिल्यांदा योग्य गोष्ट दिसली. हा प्राणी काम करताना कधीच पडला नव्हता. प्रश्नपत्रिका छापताना नाही, मुलीच्या खेळात नाही, प्राइम९५च्या छळातही नाही. तो पडायचा ते मी वाचत असताना, चहा आणायला गेलो असताना, थोडक्यात त्याला विश्रांती असताना. मी मात्र महिनाभर त्याला अधिकाधिक राबवून त्याचा दोष शोधत होतो, कारण माणूस कष्टानेच मोडतो अशी माझी समजूत होती. आणि निवृत्तीनंतर सहा महिन्यांत रक्तदाब जडलेले वडील रोज समोरच्या खुर्चीत बसलेले असूनही ती समजूत ढळली नव्हती.

विश्रांतीत प्रोसेसर आपला वेग ०.८ गिगाहर्ट्झवर आणतो आणि व्होल्टेजही खाली, माझ्याकडे ०.७०च्या आसपास, उतरवतो. मी जे ०.१० व्होल्ट कापले होते ते फक्त वरच्या टोकाला कापले गेले असतील, असे मी धरून चाललो होतो. ती कपात सरसकट होती. १.३६ मधून ०.१० गेले म्हणजे सात टक्के. बड्या साहेबाच्या पगारातून तेवढे गेले तर तो नापसंती व्यक्त करून कामाला लागतो. ०.७० मधून तेच ०.१० गेले म्हणजे चौदा टक्के, आणि रोजंदारीवरचा माणूस त्या दिवशी जेवत नाही. माझा प्रोसेसर रिकामा बसला की उपाशी राहत होता, आणि उपाशीपोटी एखादी झोप त्याला इतकी गाढ लागे, की कॅप्स लॉकने हाक मारूनही उठवत नसे.

कपात रद्द केली. पण दोन-तीन दिवसांतून एकदा होणारा रोग गेला हे ठरवायचे कसे? सरासरी तीन दिवसांनी गोठणारा संगणक निव्वळ नशिबाने नऊ दिवस न गोठता राहण्याची शक्यता सुमारे पाच टक्के येते, म्हणून मी नऊ दिवस पाळायचे ठरवले. योगायोगाने पहिल्या दिवसाची तारीख २५ मे होती, म्हणजे नवतपा, उन्हाळ्यातले सर्वांत कडक मानले जाणारे नऊ दिवस, लागला होता. ते नऊ दिवस मी संगणक सुरू ठेवून, त्याला काहीही काम न देता, त्याच्यासमोर काहीही न करता बसून राहिलो. सुटीतल्या प्राध्यापकाला हे जड गेले नाही. घड्याळाचे मिनिट बदलले की मी मान डोलवत असे. चौथ्या दिवशी आईने पत्नीला हळूच विचारले, “ह्याचं काही बिनसलंय का?” पत्नी म्हणाली, “नाही, संगणकाचं पथ्य चालू आहे.”

नऊ दिवस निर्विघ्न गेले. दहाव्या दिवशी निकालपत्रके करायला घेतली तेव्हा प्रोसेसर पुन्हा ९० च्या पुढे गेला आणि पेटीतल्या पंख्याने असा सूर लावला, की वडील बाहेरून “पाण्याची मोटर कोणी सुरू केली?” असे विचारत आत आले. मी गुपचूप सारे मूळ मापावर नेऊन ठेवले. वेग १८ टक्क्यांपैकी १८ टक्के परत गेला. घरात कोणाच्याही लक्षात आले नाही. खरे सांगायचे तर माझ्याही नाही.

भाचा मधून मधून फोन करतो. “मामा, अजून फोर पॉइंट सिक्सच ना?” मी “हो” म्हणतो, आणि विषय परीक्षेकडे वळवतो.

परवा नोव्हेंबरची पहिली खरी थंडी पडली. खोलीत १९ अंश होते, घर झोपले होते, आणि पेटीतला पंखा ऐकूही येणार नाही इतक्या हळू फिरत होता. मी संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. सवयीने बोट उजवीकडे वर गेले आणि टकटक सुरू झाली. आतल्या खोलीतून, झोपेत आहे असे मी समजत होतो तिथून, आवाज आला, “ती डिलीटची कळ आहे. हात काढा तिथून.”