क्लास काढायचाच असेल तर

इंदुरात क्लास काढणं काही नवं नाही. भंवरकुआँ चौकात उभं राहून वर पाहिलं तर आभाळाआधी क्लासच्या पाट्या दिसतात. तेव्हा पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला लागून आठवडा झाला आणि अजून एकही क्लास (तिथला क्लास म्हणजे डेटा आणि त्यावरची कामं एकत्र ठेवणारा साचा) काढला नसेल, तर राजेंद्रनगरातल्या लग्नात तोंड दाखवू नका. दोन आकड्यांची बेरीज का असेना, क्लास काढा. साध्या फंक्शनने, म्हणजे नाव दिलेल्या कोडच्या तुकड्याने, चार ओळींत भागतं, पण चार ओळी पाहून पगार कोण वाढवणार?

पहिली शंका सेल्फची येईल, म्हणजे मेथडच्या (क्लासमधल्या फंक्शनच्या) कंसात पहिलं लिहायच्या नावाची. दर मेथडमध्ये हे लचांड कशाला, जावा भाषेत तर त्याच कामाचं 'धिस' आपोआप मिळतं! ही तक्रार जपून ठेवा, वर्षानुवर्षं पुरते. ऑब्जेक्टवर (साच्यातून निघालेल्या एका नगावर) मेथड बोलावली की पायथॉन तोच ऑब्जेक्ट पहिलं आर्ग्युमेंट (कंसातून दिलेली किंमत) म्हणून आत धाडतो, एवढंच ते आहे. पण हे समजून घेतलंत तर चहाला बोलणार काय? शिवाय सेल्फ हा राखीव शब्दही नाही, निव्वळ रिवाज. 2008 साली आलेल्या पायथॉन 3 पासून नावं देवनागरीतही चालतात, म्हणून सेल्फच्या जागी खुशाल 'भिया' (आमचा इंदुरी भाऊ) लिहा. भिया डॉट नाव, भिया डॉट भाव. कोड बिनतक्रार चालेल. पुण्याच्या टीम लीडला चालेल का, ते त्यालाच विचारा.

आता लिस्टकडे वळू, कारण खरी मजा तिथे आहे. पोह्यांच्या प्लेटचा क्लास काढा आणि 'वरून' नावाची रिकामी लिस्ट (यादी) थेट क्लासच्या अंगात ठेवा, इनिटमध्ये (ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणाऱ्या मेथडमध्ये) नको. एका गिऱ्हाइकाने जादा शेव मागितली, तुम्ही अपेंड केलं (यादीत भर घातली), की दुकानातल्या झाडून सगळ्या प्लेटांत शेव. दुसऱ्याने जिरावण मसाला वाढवला, सगळ्यांना जिरावण. लिस्ट एकच, क्लासच्या मालकीची. प्लेटा नुसत्या तिच्याकडे बोट दाखवतात. याला बग म्हणणारे एकत्र कुटुंबात वाढलेले नसतात. (भिया डॉट वरूनला नवी लिस्ट असाइन केलीत तर मात्र ती त्या एका प्लेटचीच होते. सबब, अपेंडच करा.)

याचाच सख्खा भाऊ म्हणजे डीफॉल्ट आर्ग्युमेंट, काही दिलं नाही तर वापरायची किंमत. हा पराक्रम मी स्वतः केलाय. दिवाळीआधी ओळखीच्या एका फरसाणवाल्याला ऑर्डरींचा प्रोग्राम करून दिला. इनिटमध्ये 'वस्तू'ला डीफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट. ती फंक्शनच्या व्याख्येच्या वेळी एकदाच बनते, दर ऑर्डरीला नवी नाही. सकाळी पहिल्या बाईंनी पाव किलो लौंग शेव नेली. दुसऱ्यांच्या बिलात त्यांची मठरी आणि पहिल्या बाईंची शेव. दुपारी एक काका फक्त अर्धा किलो गाठिया न्यायला आले आणि हातभर बिल घेऊन उभे राहिले. चष्मा वर करून शेवटपर्यंत वाचलं, मग म्हणाले, "अहो, आमच्याकडे आम्ही दोघंच असतो."

"सिस्टिम आहे काका," मी म्हणालो. हे वाक्य पाठ करा. डीफॉल्टला नन (पायथॉनमधलं 'काहीच नाही') ठेवून आत नवी लिस्ट केली की रोग जातो, पण हे वाक्यही जातं.

काही प्रायव्हेट, बाहेरच्यांना बंद, हवं? नावाआधी दोन अंडरस्कोर लावा आणि साहेबांना सांगा, डेटा कुलपात आहे. पायथॉन फक्त क्लासचं नाव पुढे चिकटवतो. 'खाते' क्लासमधलं __शिल्लक बाहेरून _खाते__शिल्लक म्हणून कोणीही वाचावं. आमच्या आजीच्या लाडवांच्या डब्याला असंच कुलूप होतं, किल्ली शेजारच्याच खिळ्याला. पोटच्या (वारसा घेणाऱ्या) क्लासने तेच नाव वापरलं तर भांडण नको, इतकाच मूळ हेतू. साहेबांना तो सांगू नका.

गेटर-सेटर (किंमत वाचायच्या आणि बदलायच्या मेथडी) सगळ्यांना लिहा. प्रॉपर्टी (साध्या नावामागे मेथड लपवायची सोय) नंतरही लावता येते आणि बाहेरचा कोड बदलावा लागत नाही, असं कोणी सांगू लागलं तर हेडफोन चढवा.

आणि वारसा, म्हणजे एका क्लासने दुसऱ्याच्या मेथडी घेणं. एका क्लासला दोन बाप द्या, दोघांचा बाप एकच. मग सुपर (वरच्याची मेथड बोलावायची हाक) म्हणजे बाप, असं धरून बिनधास्त चाला. 2003 च्या 2.3 आवृत्तीपासून पायथॉन अख्ख्या खानदानाची एक रांग लावतो आणि सुपर त्या रांगेतल्या पुढच्याला हाक मारतो. म्हणजे बापाने सुपर म्हटलं की आजोबांऐवजी काका ओ देतो! एमआरओ, म्हणजे मेथड शोधायचा क्रम, छापलं की रांग दिसते. छापू नका, कोडं सुटेल. आणि रांग जुळतच नसेल, एक म्हणतो हा आधी, दुसरा म्हणतो तो आधी, तर पायथॉन टाइपएरर फेकतो, क्लासच बनत नाही. आमच्याकडे पंगतीत कोणते काका आधी बसणार यावरून एक मुंज वर्षभर लांबली होती. शेवटी दोन मजल्यांवर दोन पंगती मांडल्या, आणि बटू जिना चढत-उतरत दोन्हीकडे नमस्कार करत राहिला.