कोपराचं हेल्मेट

मे महिन्यात चोपड्याला सात वाजल्याशिवाय कट्ट्यावर बूड टेकवता येत नाही. दिवसभराची तापलेली फरशी सातलाही पँटमधून चटका देते, म्हणून आम्ही यायच्या आधी अण्णा तिच्यावर बादलीभर पाणी मारून ठेवतो. त्या दिवशी पाणी मारूनही उपयोग नव्हता, कारण बापू आधीच तापून आला होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्त्यात त्याचे सातशे रुपये गेले, आणि ते ब्रदरने जिंकले. त्यामुळे ब्रदर जे म्हणेल त्याच्या उलट बोलायचं, हे तो घरूनच ठरवून आला असणार. विषय नंतर सापडला. गाडीवर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट.

ब्रदर म्हणजे जळगावच्या एका दवाखान्यात अपघात विभागात नर्सिंगला असलेला आमचा वर्गमित्र. त्याचं खरं नाव आता फक्त पगारपत्रकावर उरलंय. बापूचा धंदा केळीचा. गेल्या नगरपालिकेला त्याला तिकीट मिळालं नाही, पण भाषण तयार होतं ते अजून संपलेलं नाही.

"पुढच्याला सक्ती, ठीक," बापूचा उजवा हात वर गेला. "आता मागच्याला पण? उद्या टाकीवर बसवलेल्या पोराला घालायला सांगतील!"

"सांगितलंय," ब्रदर म्हणाला. "चार वर्षांच्या वरच्या प्रत्येकाला. 2019 सालीच."

"आणि मागच्याचं काय नवीन काढलं हे?"

"जुनंच आहे. कलम 129, कायदा 1988चा. तेव्हापासून चालवणारा आणि बसणारा दोघं आहेत त्यात. साइडकारमध्ये बसलेला तेवढा सुटायचा, 2019ला तीही सूट गेली. नाहीतर तुला साइडकार लाव म्हटलं असतं."

"शिखांना सूट आहे ना? मग आपण फेटा बांधू. लग्नसराई चालूच आहे."

"बांध. पण रोज कोणाच्या वरातीत निघालास ते घरी सांगावं लागेल."

अण्णा किटली खाली ठेवून हसला. अण्णा हसला की बापू भाषणावरून अहिराणीवर येतो. "मनं डोकं शे! फुटनं ते मनं फुटी, तुनं काय जास?"

"फुटी तुनं, पन धोवनं माले पडी," ब्रदर शांतपणे म्हणाला.

बापूचं एक आहे, मुद्दा संपला की तो क्रिकेटमध्ये जातो. "गावस्कर! आयुष्य गेलं त्याचं हेल्मेटशिवाय. 1983ला गयानामध्ये मार्शलचा बॉल कपाळावर बसला, तरी 147 नाबाद!" हे बरोबर आहे, नाही असं नाही. फक्त ते सांगताना बापूने स्वतःच्या कपाळावर अशी थाप मारली की दुसऱ्या हातातला चहा सांडला.

पाटील सर रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण चूक दिसली की त्यांच्या हातात अजून खडू येतो. "त्याच गावस्करने पुढे टोपीखाली घालायला कवटीच्या आकाराचं कवच बनवून घेतलं, ते का? आणि नरी कॉन्ट्रॅक्टर? 1962, बार्बाडोस. ग्रिफिथचा बॉल डोक्याला लागला, कवटी फुटली. जीव वाचला, पण डोक्यात धातूची पट्टी बसली आणि कसोटी क्रिकेट संपलं."

"आणि मार्शल निदान समोरून टाकायचा," ब्रदर म्हणाला. "ट्रक मागून येतो."

सरांना एकदा लय सापडली की थांबवणं अवघड. ते लॉरेन्सवर गेले. अरबस्तानातल्या लढाईत नाव कमावलेला इंग्रज अधिकारी, आणि मेला मोटारसायकलवर. रस्त्यात सायकलवरची दोन पोरं आली, त्यांना चुकवायला गेला, पडला, सहा दिवस शुद्धीवर आला नाही. 19 मे 1935. त्याला बघायला आलेल्यांत केर्न्स नावाचा मेंदूचा सर्जन होता. त्याने पुढे लष्करातल्या निरोप्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमा तपासल्या आणि 1941ला लिहून दाखवलं की हेल्मेटने माणूस वाचतो. "म्हणजे बापू, तू जे आज नाही म्हणतोयस ते ऐंशी वर्षांपूर्वी निकाली निघालंय."

"सर, तुम्ही दहावीला पण मला इतिहासात नापासच केलं होतं," बापू म्हणाला. यावर पाच मिनिटं गेली. सरांचं म्हणणं, पस्तीसला दोन कमी होते. बापूचं म्हणणं, शिवाजी महाराजांच्या प्रश्नाला दोन मार्क कापायची हिंमत फक्त या माणसाने केली.

तेवढ्यात पिंट्या आला. पिंट्याने लडाखला जायचं म्हणून चौदा हजारांचं जॅकेट घेतलं आहे. खांद्याला पॅड, कोपराला पॅड, पाठीवर कासवासारखं कवच. लडाख राहिलं. जॅकेट घालून तो उनपदेवला जाऊन आला, म्हणजे मे महिन्यात, गरम पाण्याच्या झऱ्याला. त्याला बघून बापूला जोर चढला. "हा बघा! हा निघाला चंद्रावर!"

ब्रदरने पिंट्याची बाजू घेतली, आमची अपेक्षा नव्हती. "हसू नको. गाडीवरून पडणारा माणूस पहिल्यांदा हात टेकतो. डांबरावर तळहात घासला की साल जाते, मग महिनाभर जेवायला दुसरं कोणी भरवावं लागतं. हातमोजे घातलेत त्याने, शहाणा आहे." मग त्याने खाली बघितलं. "फक्त पायात स्लीपर आहे."

पिंट्याने पाय कट्ट्याखाली घेतले.

इथे मला एक सांगायचंय, कट्ट्यावर बोललो नाही कारण बायको त्याच रस्त्याने भाजी घेऊन जात होती. आमच्याकडे बायका दुपारी स्कूटीवर निघतात तेव्हा त्यांच्याइतकी बंदोबस्तात दुसरी कोणी नसते. सनकोट, कोपरापर्यंत हातमोजे, स्कार्फ असा बांधलेला की सख्खा भाऊ ओळखणार नाही. कातडी काळी पडू नये म्हणून एवढं सगळं. कातडीच्या आत कवटी असते, तिच्यासाठी काही नाही. आणि पुरुष तर रुमाल गुंडाळला की स्वतःला अजिंक्य समजतात.

"ऊन!" बापूने शेवटी खरं कारण काढलं. "पंचेचाळीस डिग्री. हेल्मेटमध्ये डोक्याचं भरीत होतं."

"होतं," ब्रदर म्हणाला. "गरम होतं, घाम डोळ्यात जातो, खाज येते. कोण नाही म्हणतंय? बापू, तू ट्रक भरतोस तेव्हा घडांच्या खाली काय घालतोस?"

"केळीचा पाला."

"का?"

"का म्हणजे? माल दिल्लीला जातो. खड्ड्यात आदळला की काळा डाग पडतो, भाव पडतो."

"आणि मळ्यात घडाला पिशवी घालतात, ती?"

बापूला कळलं कुठे चाललंय ते. तो गप्प बसला. मी बापूला वीस वर्षं ओळखतो, इतका वेळ गप्प बसलेला पहिल्यांदा बघितला. ब्रदरने वाक्य पुरं केलंच नाही, चहा प्यायला लागला. तो पत्तेही असेच खेळतो.

मग सरांनी 2022चा सरकारी अहवाल काढला. हेल्मेट नव्हतं म्हणून देशात 50,029 माणसं गेली, त्यातली 14,337 मागे बसलेली. "निम्म्याहून जास्त चोपडं," सर म्हणाले. आकडा ऐकून कोणी काही बोललं नाही. पण आकड्याने माणूस कधी हललाय? पिंट्या तेवढ्यात मोबाइल बघत होता.

ब्रदरने सांगितलं ते वेगळं होतं. "परवा पहाटे तीनला एक पोरगा आणला. हळदीहून परतत होता. हाताला ओली हळद. मागून भाऊ पिशवी घेऊन आला, त्यात मोबाइल, चावी आणि हेल्मेट. हेल्मेट नवं कोरं. काचेवरचं प्लास्टिक पण काढलेलं नव्हतं."

"मग लागलं कसं?" पिंट्याने विचारलं.

"कोपरात अडकवलं होतं. पोलीस दिसला की घालू म्हणून. एक हात त्यात गुंतलेला, ब्रेक नीट दाबता आला नाही. मागचा वाचला, त्याने सांगितलं."

अण्णाने गॅस बारीक केला. रस्त्यावरून तेव्हाच तिघं एका गाडीवर गेले, चालवणाऱ्याच्या कोपरात लाल हेल्मेट. आम्ही सगळ्यांनी बघितलं, कोणी काही म्हणालं नाही. बापूसुद्धा नाही.

वातावरण हलकं करायला मी माझं हेल्मेट पुढे केलं. "आपण घालतो बुवा." ब्रदरने ते घेतलं, उलटं केलं आणि आतलं कापड अंगठ्याने बाजूला सारलं. डाव्या कानाच्या वर पांढरा थर्माकोल दबून चिरला होता, चिरेत घामाचं काळं बसलेलं. "किती वेळा पडलं?"

"टाकीवरून घसरतं कधीकधी."

"थर्माकोल स्वतः चेपतो म्हणून डोकं वाचतं. एकदा चेपला की परत फुगत नाही. मार लागलेलं हेल्मेट म्हणजे फुटलेली मडकी, दिसायला तेवढी." मग त्याने पट्टा ओढला. बकल नव्हतं. मी दीड वर्ष पट्टा आत खोचून फिरतोय, हे माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. "आणि हे बांधत नाहीस. धडक बसली की हेल्मेट एरंडोलला आणि डोकं चोपड्याला. कितीला घेतलं?"

"हायवेला. अडीचशे. आयएसआय आहे, बघ स्टिकर."

त्याने नखाने स्टिकर खरवडला. तो बिस्किटाच्या पुड्यावरच्या किमतीच्या चिठ्ठीसारखा अख्खा निघून आला आणि ब्रदरच्या अंगठ्याला चिकटला. बापू इतका हसला की त्याला खोकला आला. सातशे रुपये वसूल झाले असावेत.

"माझं चांगलं होतं रे आधीचं," मी चिडून म्हणालो. "2016ला 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' काढलं होतं ना, तेव्हा या बापूने पंपावर जायला नेलं. तो नियम पंधरवड्यात गुंडाळला, हेल्मेट अजून याच्याकडे."

"दिलं मी परत."

"कधी?"

"दिलं रे. तू विसरला."

नेमका त्या वेळी बापूचा गोलू धावत आला. घरी पाहुणे आलेत, आजी बोलावते. मी म्हटलं, "गोलू, तुमच्या घरी एक निळं हेल्मेट आहे का रे?"

"ते कोंबडीचं?"

क्षणभर कोणाला समजलं नाही.

"त्यात चितकबरी बसते ना अंड्यांवर. अकरा अंडी आहेत. आजी हात लावू देत नाही."

सर आधी हसले. सर हसताना चष्मा काढतात, त्यांनी चष्मा काढला. अण्णाने किटली खाली ठेवली, पिंट्या जॅकेटसकट कट्ट्यावर आडवा झाला. ब्रदरने मात्र चेहरा तसाच ठेवून विचारलं, "एखादं अंडं फुटलं का रे आतापर्यंत?"

"नाही."

"बघ बापू."

बापू उठला. शर्ट झटकला, रुमाल डोक्याला गुंडाळला, गाडीला किक मारली आणि गोलूला उचलून टाकीवर बसवलं. ब्रदर गाडीच्या पुढे जाऊन हँडलवर हात ठेवून उभा राहिला.

"किती वर्षांचा हा?"

"साडेतीन," बापू म्हणाला.

"मी दुसरीत आहे!" गोलू ओरडला.