बापूची पावलं आणि बाकड्यावरची परीक्षा

साताऱ्याच्या पोवई नाक्यावर चहा यायच्या आत बापूंनी मोबाईल सगळ्यांपुढं फिरवला. अजिंक्यतारा किल्ल्याची चढण धरून साडेदहा हजार पावलं! बीपी आणि साखर दोन्ही आहे, पण आकडा पुरा झाला की बापूंच्या लेखी दोन्ही बरे.

तात्या म्हणजे जुने पीटीचे मास्तर. बशी खाली ठेवून म्हणाले, "बापू, हात न टेकता ऊठ बघू."

बापू गुडघे दाबत, पुढं झुकत, कसेबसे उठले.

"चालतोस झकास. पण मांडीत जोर कुठाय?"

"डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितलंय."

"नुसतंच चाला असं नाही सांगितलं. 2020 ची जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस बघ. आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम, आणि शिवाय किमान दोन दिवस ताकदीचा. तू निम्मंच वाचलंस."

जिमवाल्या पप्याला उकळी फुटली. "मी तेच म्हणतोय! बेंच प्रेस, म्हणजे उताणं पडून वजन उचलायचं..."

"तू गप. किल्ल्याच्या वाटेवरच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत न थांबता चढून दाखव, मग बोल. दंड फुगले म्हणून दम वाढत नाही."

ताकदीचा विषय निघाला तसं अण्णांनी विचारलं, हाताच्या पकडीच्या जोराचा आणि हृदयाचा काय संबंध लावतात? तात्यांना हेच हवं होतं. 2015 चा 'प्युअर' नावाचा आरोग्याचा मोठा अभ्यास, 17 देश, त्यात भारतही, सुमारे 1,40,000 माणसं. पकड 5 किलोनं कमी, तर मृत्यूचा धोका साधारण 16 टक्के जास्त. वरच्या बीपीपेक्षा पकडीवरनं अंदाज चांगला बांधता आला.

"मग उद्यापास्नं रबरी चेंडू दाबतो," बापू.

"थर्मामीटर बर्फात घालून ताप उतरतो व्हय? पकड हे नुसतं माप. जेवणानंतरची साखर मोठ्या प्रमाणात स्नायूत जाते. मांड्या, कुल्ले, पाठ हे मोठे स्नायू जागे कर."

मग तात्यांनी रीत सांगितली, आणि ती जशीच्या तशी लिहून ठेवण्यासारखी आहे. खुर्ची भिंतीला टेकवायची, हात छातीशी घ्यायचे. उठताना श्वास सोडायचा, बसताना तीन मोजत सावकाश. 10 ते 15 वेळा, दोन फेऱ्या, मध्ये दीड-दोन मिनिटं थांबायचं. जोडीला भिंतीला हात टेकून मारायचे दंड, रबरी पट्टा ओढणं, टाचा उचलणं. सोमवारी आणि गुरुवारी, म्हणजे स्नायूला मध्ये उसंत मिळते. 15 सहज जमले की दोन किलो तांदळाची पिशवी छातीशी धरायची.

"चुकतं कुठं सांगू? श्वास कोंडतात. जोर लावताना श्वास कोंडला की बीपी सर्रकन वर जातं, सोडला की घसरतं आणि गरगरतं."

अण्णांची नाडी बीटा ब्लॉकरमुळं, म्हणजे नाडी संथ ठेवणाऱ्या गोळीमुळं, फारशी वाढतच नाही. "मग नाडी मोजत बसू नका," तात्या म्हणाले. "चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, एवढं बघा. बसल्या जागी बीपी 180/110 च्या वर असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही, आधी डॉक्टर. इन्सुलिन घेणाऱ्यानं आधी साखर तपासायची, खिशात साखर ठेवायची. छातीत, जबड्यात, हातात दुखलं की तिथंच थांबायचं. बायपास झालेल्यानं छातीचं हाड जुळेपर्यंत वजनाला हात लावायचा नाही."

पप्यानं घड्याळ लावलं: हात न टेकता पाच वेळा उठबस. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पाय कमजोर धरतात. बापूंना 17 लागले.

"बाकडं बुटकं आहे!"

"ते खरं. घरी खुर्चीवर मोज. पण तिथंही 14 च्या खाली आलास तर चहा माझा."

"तू कधी माझ्या बाजूनं निकाल दिलास? कबड्डीच्या फायनलला माझा पाय रेषेच्या आत होता!"

"बाहेर होता."

"आत होता!"

पप्यानं विचारलं, "ही कुठल्या सालची गोष्ट?"

"तुझा जन्म व्हायचा होता, गप बस!" दोघं एकदम ओरडले, आणि चहावाल्यानंसुद्धा हसत किटली खाली ठेवली.