वापशाची वाट

काळ्या जमिनीत मोगरा लावायचा तर आधी चपलांचा हिशेब ठेवावा. जुलैत ही माती पायातली चप्पल ठेवून घेते आणि एप्रिलमध्ये, त्याच जागी पडलेल्या भेगेत, घराच्या किल्ल्या. परभणी असो की सोलापूर, बेसॉल्ट झिजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. पाणी प्यायलं की ते फुगतं, वाळलं की आक्रसतं. या ओढाताणीत झाडाची बारीक मुळं तुटतात आणि आपण नर्सरीवाल्याला शिव्या घालतो.

काम करायचं ते वापशावर, म्हणजे माती ना चिकट ओली, ना कडक कोरडी असताना. मूठभर माती दाबून टिचकी मारायची. भुगा झाला तर कुदळ उचला. गोळा लाडवासारखा चकाकत बसला तर घरात जाऊन चहा घ्या. ओल्यात खणलेली ढेकळं पुढे पहारीलाही दाद देत नाहीत. अडचण एवढीच, की वापसा येतो मंगळवारी आणि सुट्टी असते रविवारी. तोवर वीट तयार.

अशा वेळी कुंपणापलीकडून सल्ला येतोच, "दोन घमेली वाळू टाका की!" चिकणमातीत थोडी वाळू म्हणजे गिलाव्याची तयारी. फरक पडायला जवळजवळ निम्मी वाळूच लागते, मग बागेऐवजी बांधकाम काढल्यासारखं वाटतं. जिप्समचा सल्लाही असाच. ते चोपण, म्हणजे सोडियम साचलेल्या, जमिनीचं औषध, प्रत्येक काळीचं नव्हे. माझा विश्वास कुजलेल्या शेणखतावर. चौरस मीटरला ८-१० किलो, वरच्या वीतभर मातीत, आणि दर वर्षी. कारण आपल्या उन्हात ते टिकत नाही.

खरा घात खड्डा करतो. दीड फूट खणून आत पोयटा, कोकोपीट असा पाहुणचार केला, की पहिल्याच पावसात त्याचा हौद होतो. कुदळीनं घोटलेल्या भिंतींतून पाणी बाहेर पडतच नाही. मुळं गुदमरतात, पानं माना टाकतात, आणि बिचारं तहानलंय म्हणून आपण आणखी बादलीभर ओततो. त्यापेक्षा आधी फूटभर खड्डा पाण्यानं भरा, जिरला की पुन्हा भरा. सकाळी त्यात तोंड दिसलं तर तिथं फूटभर उंचीचा गादीवाफा करा. नाहीतर सरळ कर्दळ लावा, तिला चिखलाचं वावडं नाही.

एवढं करून झाडावर केवडा येतो. सुवासिक नव्हे, कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तो. मातीत लोह असतं, पण चुनखडीमुळे सामू (pH) आठच्या आसपास गेला की मुळांच्या हाती लागत नाही. अनंताला तर ही जमीन मुळीच सोसत नाही, त्याला कुंडीतच ठेवावं. मोगऱ्यावर लिटरला ३ ते ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), थोडं लिंबू पिळून, संध्याकाळी फवारायचा. तो रंगवलेल्या भिंतीवर उडाला तर तांबूस डाग पडतात आणि घरातून दुसरी फवारणी सुरू होते.

जानेवारीत पाणी तोडून ताण द्या, झाड गुडघ्याइतकं ठेवून छाटणी करा, मग खत-पाणी. बुंध्यापासून चार बोटं सोडून पालापाचोळ्याचा तीन इंच थर दिला की भेगा कमी पडतात. पडल्याच, तरी ही माती वर्षानुवर्षं स्वतःला खालीवर करत असते. किल्ल्या कधीतरी वर येतील; कुलूप तेवढं फेकू नका.