दगडाचे चाळीस फोटो

दंड अजून ठणकतायत, आणि त्या माणसाला काय ऐकवायला हवं होतं ते अजून सुचलेलं नाही.

फिनलंडमधलं कोलोवेसी राष्ट्रीय उद्यान. पाण्यातून सरळसोट उठलेले कडे, आणि मोटरबोटींना बंदी, कारण इथल्या सीलना गडबड खपत नाही. म्हणून भाड्याची कनू, वल्ह्यांची होडी. मी 'डावीकडे' म्हटलं की बायको नेमकं उजवीकडे नेणार. गडबड व्हायची ती झालीच.

हे साइमा सरोवरातले सील म्हणजे अडकलेले पाहुणे. हिमयुग सरलं, जमीन वर उचलली गेली, समुद्र दूर राहिला आणि हे सरोवरातच राहून गेले. आता उरलेत 500 च्या आसपास. मे महिन्यात केस गळायला लागले की खडकांवर येऊन लोळतात, म्हणून आम्ही मे गाठला.

आणि दिसला! करडा, गुबगुबीत, अंगावर फिकट वर्तुळं. वीस मिनिटं आम्ही श्वास धरून, डास चावू देत, चाळीस फोटो काढले. काठावर एक आजोबा थर्मास घेऊन बसले होते. त्यांना मी तोंडावर बोट ठेवून 'शू' केलं. त्यांनीही समजूतदारपणे मान डोलावली.

वल्ही उचलल्यावर ते इंग्रजीत म्हणाले, "तो दगड आहे."

ती वर्तुळं म्हणजे दगडफूल. गोड्या मसाल्यात घालतो ते.

"मग आधी का नाही सांगितलंत?"

आजोबा विचारात पडले. खरोखरच पडले. कॉफीचा घोट घेतला, थर्मासचं झाकण सावकाश फिरवून बसवलं, एकदा दगडाकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे.

"तुम्ही खूश दिसत होतात."

आता यावर भांडायचं तरी कसं? आपल्याकडे रस्ता विचारला नाही तरी चौघं सांगतात, त्यातले तिघं चुकीचा. पण सांगतात तरी! शांतता छान असते हो, पण तिलाही काही मर्यादा?

"बरं, ती इथल्या कड्यावरची 5000 वर्षांपूर्वीची चित्रं कुठे आहेत?"

"तुमच्या मागे."

म्हणजे वीस मिनिटं आम्ही अश्मयुगाकडे पाठ करून दगड पाहत होतो. कड्यावर गेरूचा लालसर फराटा. माणूस आहे म्हणे. मला तो गंजाचा ओघळ वाटला, पण गप्प बसलो. दगडाला सील म्हणणाऱ्यानं कुठल्या तोंडानं बोलायचं?

कनूचं भाडं तासावर होतं. दगडाची वीस मिनिटंही त्यातच धरली.

दरम्यान बायकोनं फोटो घरच्या ग्रुपवर टाकलाय. आत्यानं लगेच लिहिलं, "डोळे किती बोलके आहेत गं!"