कंसातलं वाक्य

"तूं हें फुकट करता?"

काल संध्याकाळी गोव्यात मांडवी नदीतून रायबंदरहून चोडणला येताना अण्णांनी हे अशा आवाजात विचारलं की पुढच्या दोन स्कूटरवाल्यांनी माना वळवून माझ्याकडे बघितलं. एकाच्या नजरेत तर चक्क दया होती. माझी चूक एवढीच, की फेरीबोटीच्या बाकावर मी लॅपटॉप उघडला होता.

पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत दोन संगणकांच्या सुरक्षित जोडणीसाठी 'एसएसएल' नावाचं मॉड्यूल, म्हणजे तयार कोडचा संच, आहे. त्याच्या डॉक्युमेंटेशनमधलं, म्हणजे माहितीपुस्तिकेतलं, एक वाक्य मी सुधारत होतो. एकच. तीन संध्याकाळी. भानगड अशी, की तुम्ही क्लायंट, म्हणजे जोडणी मागणारा प्रोग्रॅम, लिहीत असाल तर ओळख कोणाची तपासायची त्या जागी 'सर्व्हर ऑथ' लिहायचं आणि सर्व्हर, म्हणजे जोडणी देणारा, लिहीत असाल तर 'क्लायंट ऑथ'. माणूस हमखास उलटं लिहितो. खुलासा दिलेला आहे, नाही असं नाही, पण कंसात. कंसातलं कोण वाचतं? लग्नपत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' कंसातच असतं.

अण्णा पोस्टातून निवृत्त झाले तेव्हापासून चोडण, दिवाड, मये या भागातली लग्नं जुळवतात. (पुढचा संवाद कोकणीत झाला. इथे मराठीत देतोय, म्हणजे निम्मी चव गेलीच.)

"म्हणजे मुलीकडचे चौकशीला निघाले, की चिठ्ठीवर नाव मुलाचं," अण्णा म्हणाले. "ज्याची चौकशी त्याचं नाव. यात तीन संध्याकाळी कसल्या गेल्या तुझ्या?"

मी लॅपटॉप अर्धा मिटला. पण अण्णा आता रंगात आले होते.

"आणि मुलगा तोच, हे सांगतो कोण?"

"सर्टिफिकेट असतं. त्यावर मध्यस्थाची सही."

"मध्यस्थाला कोण ओळखतो?"

"त्याच्या वरचा मध्यस्थ."

"आणि त्याला?"

"तो... स्वतःच्या कागदावर स्वतःच सही करतो."

"म्हणजे सरपंच."

"त्याचं नाव आपल्या मशीनमध्ये आधीपासून भरलेलं असतं, अण्णा."

"कोणी भरलं?"

मी खारफुटीकडे बघत बसलो. एक बगळा होता. बरा होता.

"बरं, कागद खरा, सही खरी," अण्णांनी दम घेतला, "पण दारात उभा राहिला तो दुसराच निघाला तर?"

आता इथे मला खरंच राग आला. कारण हा प्रश्न म्हणजे 'चेक होस्टनेम', सर्टिफिकेटवरचं नाव आणि समोरच्या सर्व्हरचं नाव जुळतं का ते बघणं. 'रॅप सॉकेट' नावाचं जुनं फंक्शन नेमकं हेच बघत नसे. २०१८ साली ३.७ आवृत्तीत ते वापरू नका म्हणून सांगितलं, २०२३ साली ३.१२ मध्ये काढूनच टाकलं. अण्णांना तिथे पोचायला अर्धी मांडवी पुरली. त्या भरात मी नको ते बोलून गेलो, की पायथॉन २ मध्ये तर डिसेंबर २०१४ च्या २.७.९ पर्यंत नुसता 'एचटीटीपीएस'वाला सुरक्षित वेबपत्ता उघडला तर सर्टिफिकेट तपासलंच जात नव्हतं.

"म्हणजे इतकी वर्षं मुलगा न बघताच?" अण्णा सगळ्या बोटीला उद्देशून म्हणाले.

बरं, मॉड्यूलचं नाव 'एसएसएल', आणि एसएसएल ही जोडणीची पद्धत केव्हाच मेलीय. १९९९ पासून तिच्या जागी टीएलएस ही नवी पद्धत आहे. याबद्दल मी बोलणार नाही, कारण आमच्याकडे माड तोडून फ्लॅट झाले तरी पत्त्यात 'भाट', म्हणजे माडांची बाग, राहतंच.

पण खरं सांगू? अण्णा नुसते निमित्त. मला जे डाचतंय ते ऑफिसमधलं आहे. तिथल्या एका प्रोग्रॅममध्ये दोन वर्षांपासून सर्टिफिकेटची तपासणी बंद आहे. शेजारी शेरा : 'तात्पुरतं'. एरर येत होती म्हणून बंद केली. दार वाजत होतं म्हणून बिजागरीच काढून ठेवली. मी त्या सहकाऱ्याला डॉक्युमेंटेशनमधला सुरक्षेचा भाग पाठवला. त्याने अंगठा पाठवला. वाचलंस का विचारलं, तर "लांबलचक आहे रे, आणि चालतंय ना?" चालतंय! चोर आत येऊन चहा पिऊन गेला तरी चालतंच. मग मी कोणासाठी स्वल्पविराम हलवत बसतो, हे मला तरी कुठे कळलंय? अण्णांच्या 'फुकट'ला उत्तर नव्हतं ते म्हणूनच.

बोट धक्क्याला लागली. फळी खाली पडायच्या आधीच स्कूटरी सुरू. अण्णांनी पिशवी उचलली आणि जाता जाता म्हणाले, "पुता, तो कंस काढ आधी. आणि चिठ्ठीचं लिही."

रात्री मी कंस काढला. माझी एकतीस शब्दांची रचना खोडली आणि 'ज्याची ओळख तपासायची त्याचं नाव' एवढंच इंग्रजीत लिहून बदल पाठवून दिला. लेखक म्हणून माझं एकट्याचं नाव गेलं.

तपासणार कोण?